आगरकर आठवतात, मग आपटे का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ जूनला तुमच्या पेपरात दिनविशेषच्या चौकटीत दरवर्षीसारखी एक ओळ आली, 'थोर समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांची पुण्यतिथी'. ओळ चुकीची नाहीये, पण तिच्यातून एक गोष्ट दरवर्षी गळते. आगरकर १८९५ साली गेले तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. रिटायर होऊन घरी बसलेले नव्हते, पदावर होते, आणि वय होतं फक्त ३८. १४ जुलैला ३९ पूर्ण झाली असती, म्हणजे महिनाही राहिला नव्हता.

आणि याच्याहून मोठी गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर) अशी की त्यांच्या आधीचे प्राचार्यही असेच गेले. वामन शिवराम आपटे, फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, ९ ऑगस्ट १८९२ ला गेले, वय ३४. कॉलेज सुरू झालं २ जानेवारी १८८५ ला. म्हणजे पहिल्या साडेदहा वर्षांत त्या कॉलेजने दोन प्राचार्य गमावले आणि दोघंही चाळिशीच्या आत. आपट्यांसाठी तर तुमच्या चौकटीत एक ओळही येत नाही. मी बरीच वर्षं पेपर वाचतेय, ९ ऑगस्टला क्रांतिदिन असतो त्यामुळे जागा नसते हे समजू शकते, पण तरी. हे पत्र त्यासाठीच लिहितेय, थोडं लांबणार आहे, कापायचं असेल तर कापा पण आपट्यांचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आपटे म्हटलं की संस्कृतवाल्यांना लगेच डिक्शनरी आठवते. 'आपटे काढून बघ' असं आम्ही अजूनही म्हणतो, म्हणजे माणसाचं आडनाव हेच पुस्तकाचं नाव झालंय. पण त्या आपट्यांना कोणी प्राचार्य म्हणून ओळखत नाही, आणि पुस्तकाच्या मागचा माणूस किती वर्षांचा होता हे तर जवळजवळ कोणालाच माहिती नसतं. मी वर्गात मुद्दाम विचारते, तर मुलं साठ म्हणतात, सत्तर म्हणतात, डोळ्यासमोर पांढरी दाढी वगैरे. मग मी हिशोब मांडून दाखवते. जन्म १८५८, कोकणातला, सावंतवाडी संस्थानातला. आईवडील लहानपणीच गेले. कोल्हापूरच्या हेडमास्तरांनी हुशारी बघून हात दिला म्हणून शिक्षण झालं, मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप मिळवली. १८८१ साली संस्कृत रचनेवरचं गाइड छापलं, वय २३. १८८४ ला इंग्रजी-संस्कृत कोश, वय २६. आणि १८९० ला तो मोठा संस्कृत-इंग्रजी कोश, वय ३२. हे शेवटचं काम कॉलेजचे प्राचार्य असताना केलंय. प्राचार्य असताना म्हणजे टाइमटेबल, फिया, वर्गणी, सरकारशी पत्रव्यवहार, आणि आपापसात भांडणारे एकापेक्षा एक तापट सहकारी हे सगळं बघून उरलेल्या वेळात, ते पण कॉम्प्युटर सोडा साधा विजेचा दिवा नसताना.

तो कोश हातात घेऊन बघा कधीतरी. आमच्या लायब्ररीतल्या प्रतीचा कणा दोनदा चिकटवलेला आहे आणि कडेला बोटांनी काळं पडलंय, इतका वापर. एखादा शब्द काढला की नुसता अर्थ देऊन मोकळे होत नाहीत, कालिदासाने तो कुठे वापरला, भवभूतीने कुठे, ते वाक्यासकट देतात, म्हणजे शब्दाचा अर्थ तुम्हाला माणसांच्या तोंडून कळतो. मागे परिशिष्टं आहेत, एकात वृत्तांची माहिती, एकात प्राचीन गावांची आणि देशांची नावं. हे सगळं विद्यार्थी डोळ्यासमोर ठेवून केलेलं आहे, विद्वानांवर छाप पाडायला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पोराला काय अडेल हे रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या मास्तरलाच कळतं. तो कोश छापून आला आणि दोनच वर्षांत माणूस गेला.

त्यानंतर प्राचार्यपद आलं आगरकरांकडे. आगरकरांची गोष्ट सगळ्यांना थोडीफार माहिती असते, शाळेत धडा असतो, आईला लिहिलेलं पत्र असतं. मोठा पगार मिळवणार नाही, पोटापुरतं घेऊन बाकी वेळ लोकांच्या कामात घालवणार असं आईला कळवणारं ते पत्र. टेंभूचा, कऱ्हाडजवळचा, अतिशय गरिबीतून आलेला मुलगा, एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा अशी आठवण सांगतात. पण धड्यात जे येत नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर काम करायचे, आणि करार वीस वर्षांचा. आता ७५ रुपये त्या काळात भिकेचे नव्हते हे मान्य, पण एम. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट मिळालं असतं. आणि हा पगार वाढवायचा की नाही, बाहेरची कामं करायची की नाही, यावरूनच टिळक आणि आगरकर यांचं वाजलं, फक्त सुधारणा आधी की स्वराज्य आधी यावरून नाही. आपल्याला तत्त्वाचं भांडण आवडतं म्हणून आपण पगाराचं विसरतो. घरी बायकोमुलं, छातीत दमा, आणि महिनाअखेरीस हातात तेवढेच पैसे, हे पण त्या भांडणात होतं.

दमा हा शब्द मी मुद्दाम वापरला. आगरकरांना दम्याचा त्रास बरीच वर्षं होता. तेव्हा ना इन्हेलर ना नेब्युलायझर, दम लागला की बसून राहायचं आणि उतरायची वाट बघायची. अशा माणसाने दिवसा इतिहास आणि तर्कशास्त्र शिकवायचं, वर्गात बोलायचं म्हणजे श्वास लागतोच, मग कॉलेज चालवायचं, आणि त्यातून वेळ काढून 'सुधारक' काढायचा. ते साप्ताहिक १८८८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, इंग्रजी बाजू काही काळ गोखल्यांनी सांभाळली, मराठी सगळी आगरकरांची. ब्रीद काय, तर इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार. आणि बोलले म्हणून काय मिळालं? १८९१ ला संमतिवयाचं बिल आलं, मुलीचं वय दहाचं बारा करायचं एवढंच, तरी सगळं पुणं पेटलं होतं आणि आगरकर बिलाच्या बाजूने. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. स्वतःची तिरडी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला माणूस पुढे कॉलेजचा प्राचार्य झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर एवढ्या मोठ्या 'कॉन्ट्रोव्हर्सी'तल्या माणसाला आज कुठलं मॅनेजमेंट प्राचार्य करेल? नाव पॅनेलवर सुद्धा जाणार नाही. सोसायटीने केलं, याचं श्रेय त्या सोसायटीला द्यायला पाहिजे, मी देते.

कॉलेज काढायचं स्वप्न कुठलं, तर तुरुंगातलं. कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या लेखांसाठी १८८२ साली टिळक आणि आगरकर दोघांना मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तिथे दोघं रात्र रात्र बोलत बसायचे, आवाज एवढा चढायचा की पहारेकरी येऊन दटावायचे. शाळा आहे, आता कॉलेज काढू, देशभर अशी कॉलेजं काढू, असले विषय. सव्वीस वर्षांची पोरं होती हो ती. आज सव्वीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे तासिका तत्त्वावर येतो आणि पुढच्या वर्षी ऑर्डर मिळेल की नाही या टेन्शनमध्ये असतो.

टिळक आणि आगरकर यांच्या जन्मात फक्त नऊ दिवसांचं अंतर आहे, एक १४ जुलै १८५६ आणि एक २३ जुलै. टिळक गेले १९२० ला. म्हणजे आगरकर गेल्यावर टिळकांना अजून पंचवीस वर्षं मिळाली आणि टिळकांचं म्हणून जे आपल्याला आठवतं त्यातलं बहुतेक, राजद्रोहाचे खटले, मंडाले, होमरूल, ते सगळं या पंचवीस वर्षांतलं आहे. आगरकरांना ती मिळाली नाहीत. आपण वर्गात 'टिळक विरुद्ध आगरकर' असा प्रश्न दहा मार्कांना घालतो आणि मुलं दोन्ही बाजू सारख्या लिहितात, पण ती बाजू सारखी कधी नव्हतीच, एकाला चौसष्ट वर्षं बोलायला मिळालं आणि दुसरा अडतिसाव्या वर्षी गप्प झाला. आगरकर गेल्यावर केसरीतला मृत्युलेख टिळकांना लिहवेना, डोळे भरून येत होते, असं सांगतात. मला ते खरं वाटतं. भांडायला तोडीचा माणूसच राहिला नाही, त्याचं दुःख भांडणाऱ्यालाच जास्त होणार.

पण अकाली म्हणजे नेमकं किती अकाली, हे मला टिळकांपेक्षा धोंडो केशव कर्व्यांकडे बघून जास्त कळतं. कर्वे त्याच फर्ग्युसनमध्ये १८९१ पासून गणित शिकवत होते. जन्म १८५८ चा, म्हणजे आपट्यांच्याच वर्षीचा! आपटे गेले तेव्हा कर्वे पण ३४ चे होते, आणि तेव्हा ते कोण होते? एक विधुर गणिताचे मास्तर, बस. विधवेशी लग्न केलं ते १८९३ ला. आगरकर गेले ३८ व्या वर्षी. कर्व्यांना ३८ वं लागलं १८९६ ला आणि त्याच वर्षी अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. महिला विद्यापीठ १९१६ ला. भारतरत्न शंभराव्या वर्षी, १९५८ ला, आणि गेले १९६२ ला. समजा कर्वे आपट्यांच्या वयात गेले असते तर आज त्यांचं नाव कोणाला माहिती असतं? कोथरूडला जाणाऱ्या रस्त्याला दुसरंच काहीतरी नाव असतं. आता हेच उलटं करून बघा. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या असं सुधारकात लिहिणारा माणूस बालिकाश्रम उघडायच्या एक वर्ष आधी गेला. महिला विद्यापीठ निघालं तेव्हा तो साठ वर्षांचा असता, आणि वेगळं विद्यापीठ कशाला, एकत्रच शिकवा म्हणून कर्व्यांशी सुद्धा भांडला असता असं मला वाटतं. ते भांडण महाराष्ट्राला ऐकायला मिळालं नाही. मला सगळ्यात जास्त हळहळ त्याचीच वाटते.

लांब आयुष्य मिळालं की काय होतं त्याचं अजून एक उदाहरण फर्ग्युसनमध्येच आहे. आगरकरांनंतर गोळे प्राचार्य झाले आणि १९०२ ला आले रँग्लर परांजपे, जे स्वतः या कॉलेजचे जुने विद्यार्थी. वीसेक वर्षं त्यांनी प्राचार्यपद सांभाळलं, पुढे लखनौचे कुलगुरू झाले, आणि पुणे विद्यापीठ निघाल्यावर ऐंशीच्या वयात, १९५६ ते १९५९, इथले कुलगुरू. आपटे-आगरकरांच्या काळात पुण्याला विद्यापीठच नव्हतं, सगळा कारभार मुंबई विद्यापीठाचा, त्यामुळे कॉलेजचा प्राचार्य म्हणजेच इथला उच्च शिक्षणातला शेवटचा शब्द. म्हणून मी या दोघांना नुसते प्राचार्य मानत नाही, आजच्या हिशोबात ते कुलगुरूच होते, फक्त गाडी नव्हती आणि बंगला नव्हता.

हे सगळं मला एवढं का लागलं ते पण सांगते. आमच्या कॉलेजचे प्राचार्य मागे असेच पदावर असताना गेले, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण बाकी मजकूर कौतुकाचा नाहीये. शोकसभा झाली, खुर्चीवर फोटो, हार, दोन मिनिटं स्तब्धता, प्रत्येकाने उठून 'पोकळी कधीही भरून येणार नाही' असं म्हटलं. आणि खरंच भरून आली नाही हो, कारण पदच भरलं नाही! प्रभारी आले, मग प्रभारींचे प्रभारी. सरांनी सुरू केलेली एक गोष्ट होती, संध्याकाळी नोकरी करणाऱ्या मुलांसाठी लायब्ररी उघडी ठेवायची. त्यासाठी शिपायाला ओव्हरटाइम सर स्वतःच्या खिशातून द्यायचे हे आम्हाला नंतर कळलं. सर गेले आणि त्याच आठवड्यात लायब्ररी पाचला बंद व्हायला लागली. एका मिटिंगमध्ये मी विषय काढला तर उत्तर मिळालं की सरांच्या नावाने हॉल करतोय ना, अजून काय पाहिजे. हॉल झालाय, एसी पण आहे त्याला. लायब्ररी अजून पाचलाच बंद होते.

नावं द्यायची आपल्याला भारी हौस. मुंबईत अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला आगरकर चौक आहे, रोज लाखो लोक तिथून बस पकडतात आणि त्यातल्या बहुतेकांसाठी आगरकर हे एका बसस्टॉपचं नाव आहे. पुण्यातली तर वेगळीच मजा. इथे गोपाळ गणेश आगरकर रस्ता आहे आणि त्याच रस्त्यावर आघारकर रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, पण ती संस्था या आगरकरांच्या नावाची नाहीच, ती शंकर पुरुषोत्तम आघारकर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावाची, ज्यांनी ती उभी केली. मी भले भले लोक बघितलेत, सुधारकी लोक, जे अभिमानाने सांगतात की बघा आगरकरांच्या नावाने केवढी विज्ञानसंस्था काढली. मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. (आगरकर आणि आघारकर दोघांनाही हे चाललं असतं असं वाटतं, दोघंही पुराव्यावर चालणारे.)

आगरकरांनी मरायच्या आधी स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे वेगळे पुडीत बांधून ठेवले होते अशी आठवण सांगितली जाते. लोक ती त्यागाची गोष्ट म्हणून सांगतात, भाषणात टाळ्या पडतात. मला ती वाचून राग येतो. प्राचार्य माणूस, दमा वाढलेला, आणि आपल्या मागे घरच्यांना लाकडांसाठी हात पसरावा लागू नये याची काळजी त्याला स्वतःला करावी लागते? यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? चिपळूणकर १८८२ ला ३१ व्या वर्षी गेले, आपटे १८९२, आगरकर १८९५, नामजोशी १८९६. कोणी तापाने कोणी कशाने, औषधं नव्हती तेव्हा, मान्य. पण शाळा-कॉलेज उभं करणारी जवळजवळ एक फळीच अशी पन्नाशीच्या आत संपली आणि आपण त्याला 'ध्येयवाद' असं गोड नाव देऊन मोकळे झालो. थोडा आराम, थोडा जास्त पगार आणि थोड्या कमी शिव्या मिळाल्या असत्या तर यातला एखादा अजून दहा वर्षं जगला नसता का? मला माहिती आहे याला पुरावा देता येणार नाही, तरी विचारते.

तर संपादक साहेब, मागणी दोनच. एक म्हणजे पुढच्या १७ जूनला त्या ओळीत 'समाजसुधारक'च्या पुढे 'आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य' एवढं टाका, चार शब्द आहेत, जागा होईल. आणि जमलं तर रविवारच्या पुरवणीत त्यांचा एखादा निबंध जसाच्या तसा छापा, त्यांच्यावरचा लेख नको, त्यांचाच लेख. स्त्रीपुरुषांच्या एकत्र शिक्षणाचा छापलात तर बरं, वाचून खाली किती शिव्या येतात बघू, म्हणजे १३० वर्षांत आपण कुठवर आलो त्याचा अंदाज पण येईल.

दुसरं, ९ ऑगस्टला आपट्यांसाठी एक ओळ. क्रांतिदिनाच्या खाली, अगदी लहान टायपात चालेल. मजकूर मीच देते, तुम्हाला शोधायला नको: 'संस्कृत कोशकार आणि फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांची पुण्यतिथी (१८५८–१८९२)'. कंसातली सालं कापू नका, वजाबाकी लोक आपापली करतील.

आपली,
एक वाचक (कॉलेजात संस्कृत शिकवते), पुणे